न घेतलेलं रीडिंग

मार्च महिन्यात माझ्याकडे एक ड्रायव्हर तपासायला आला. गाडीचा नव्हे. मी काय काम करतो हे गावातल्या माणसांना सांगताना दर वेळी हा घोळ होतो, म्हणून आधीच सांगून टाकतो. यंत्रात एखादी चिप बसवली की तिच्याशी बोलायला एक लहानसा प्रोग्राम लिहावा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो कोणीतरी लिहितं आणि दुसरं कोणीतरी ओळ न ओळ वाचून त्यात खोट काढतं. मी हे दुसरं काम करतो. कंपनी पुण्याची आणि छोटी, मी रत्नागिरीत, कुवारबावला घरी बसून. नुसत्या चुका काढायचा पगार मिळतो, हे आईला अजून पटलेलं नाही. तिच्या मते हे काम ती आयुष्यभर फुकट करत आली.

ही चिप घड्याळाची होती. करंगळीच्या नखाहून लहान, आणि शेजारी बटणाएवढा सेल. यंत्राची वीज गेली तरी त्या सेलवर ती सेकंद मोजत राहते, एवढंच तिचं काम. आमचं यंत्र म्हणजे पुलांखाली लावायचा एक डबा. नदीचं पाणी किती वर आलं ते दर पंधरा मिनिटांनी तो नोंदवतो. पाण्याची उंची आणि वेळ, दोनच गोष्टी. त्यातली वेळ चुकली तर उंची असून नसून सारखीच. वरच्या पुलाखाली पाणी कधी चढलं आणि खालच्या पुलाखाली कधी पोचलं, ह्यावरच पुढच्या पावसाळ्यात कोणाला किती आधी उठवायचं ते ठरणार असतं.

एकशे ब्याऐंशी ओळी होत्या. एरवी माझं दोन तासांचं काम, ह्या वेळी तीन दिवस लागले. वडील जाऊन तेव्हा सात महिने झाले होते आणि त्या सात महिन्यांत माझी सगळीच कामं अशी चालली होती. दुःखामुळे असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, निदान चारचौघांत सांगता आलं असतं. पण मला काहीच वाटत नव्हतं. ताट समोर आलं की जेवायचो. कालवण बांगड्याचं होतं की तारलीचं, हे हात धुतल्यावर कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, आणि रत्नागिरीच्या माणसाने हे कबूल करणं म्हणजे मामला गंभीर आहे असं समजावं.

पहिल्या दिवशी एक ढोबळ चूक सापडली. ड्रायव्हर आधी तास वाचत होता आणि मग, थोडं थांबून, मिनिटं. आता समजा तीन एकोणसाठ झालेत. त्याने तास वाचला, तीन. तेवढ्यात मिनिट पालटलं, चार वाजले. मग त्याने मिनिटं वाचली, शून्य. दोन्ही जोडून तो सांगणार, तीन वाजले. एक तास गेला कुठे? वाचायचं तर सगळे आकडे एका झटक्यात वाचावेत, असा शेरा मी लिहिला. तो लिहिताना मला जरा बरं वाटलं, म्हणजे सवयीने वाटतं तेवढं. दुसऱ्याची चूक सापडली की माणसाला बरं वाटतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्र्याण्णवाव्या ओळीवर आलो.

ह्या चिपमध्ये एक सोय आहे आणि ती मला मनापासून आवडते. तो बटणाएवढा सेलही संपला की घड्याळ थांबतं. नंतर वीज आली की पुन्हा चालू होतं, पण मधे किती वेळ गेला हे त्याला ठाऊक नसतं. ते आपलं भलत्याच आकड्यापासून मोजायला लागतं, आणि बघणाऱ्याला वाटतं घड्याळ चालू आहे, म्हणजे वेळ बरोबर असणार. म्हणून चिप बनवणाऱ्यांनी आत एक बारीकशी खूण ठेवली आहे. घड्याळ एकदा जरी थांबलं तरी ती खूण उभी राहते. तिचा अर्थ एवढाच, की मी मधे थांबलो होतो, माझ्यावर विसंबू नका. ड्रायव्हरने वेळ सांगायच्या आधी ती खूण बघायची असते. उभी असेल तर वेळ द्यायची नाही, ठाऊक नाही म्हणून सांगायचं. कोणी खरी वेळ लावली की मगच ती पुसायची.

त्र्याण्णवाव्या ओळीपासून पुढच्या चार ओळींत काय होतं? यंत्र सुरू झालं की ड्रायव्हर ती खूण वाचत होता, उभी असेल तर मुकाट्याने पुसत होता, आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे जात होता. कुठे नोंद नाही, सूचना नाही.

मी लॅपटॉप मिटला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. उन्हाने कातळ तापला होता, चपलेतून कळत होतं. हे असलं काम मी स्वतः केलेलं होतं, सात महिन्यांपूर्वी, पुढच्या खोलीत, स्टुलावर चढून.

ते सांगायचं तर वडिलांपासून सुरुवात करावी लागेल.

माझे वडील पोफळीच्या वीजघरात ऑपरेटर होते. डोंगराच्या पोटात घातलेलं ते वीजघर, आणि बाहेर आमची कॉलनी. माझं लहानपण सगळं तिथलं. मूळ गाव संगमेश्वरच्या अलीकडे, पण गावाला आम्ही मे महिन्यापुरते. वडिलांची ड्युटी पाळ्यांची. दर तासाला यंत्रांसमोरून फिरायचं, तापमान, दाब, जे जे काट्यावर दिसेल ते बघायचं आणि लॉगबुकात त्या त्या रकान्यात लिहायचं. शेवटी सही. तासाचं रीडिंग, हे दोन शब्द मी आई-बाबा ह्या शब्दांच्या बरोबरीने शिकलो असेन.

एकदा त्यांना ड्युटीवर असताना उलट्या झाल्या. त्या गडबडीत पहाटे तीनचं रीडिंग राहिलं. त्यांनी रकान्यात आडवी रेघ मारली, पुढे लिहिलं, ‘रीडिंग घेतले नाही, प्रकृती ठीक नव्हती’, आणि सही केली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, त्यांनी लेखी दिलं, विषय संपला. पण घरी आईने तो संपू दिला नाही.

“दोनचा आकडा होता, चारचा होता,” ती म्हणाली. “मधला एक टाकला असता तर काय धरण फुटलं असतं?”

“आकडा टाकला की तो खरा होतो,” वडील म्हणाले. “उद्या कोण तरी त्याच्यावर इसंबून काय तरी करील. रेघ बघितली की त्याला कळेल, हितं कोणी बघितलेला नाय.”

मी तेव्हा नववीत होतो. मला ते संभाषण कंटाळवाणं वाटलं होतं.

निवृत्तीनंतर आम्ही कुवारबावला घर बांधलं आणि त्यांनी घराचं लॉगबुक सुरू केलं. लांबट जाड वही, पट्टीने आखलेले रकाने. तारीख, वेळ, तपशील, सही. नळाला पाणी कधी आलं, गॅसची टाकी कधी लावली, स्वतःचं ब्लडप्रेशर. लाईट गेली की गेल्याची वेळ आणि आल्याची वेळ, हे तर ते अगदी चवीने लिहीत. आयुष्यभर वीज तयार केलेल्या माणसाच्या घरी लाईट जावी हा त्यांना वैयक्तिक अपमान वाटायचा. वहीतही तोच नियम. चुकलं तर खोडरबर नाही, गिरबटणं नाही. एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला बरोबर काय ते, दुरुस्तीची वेळ आणि सही. सही ड्युटीवर असेल त्याची. एकदा ते दवाखान्यात होते तेव्हा पाणी आल्याची वेळ मी लिहिली आणि सही करायला विसरलो. परत आल्यावर त्यांनी माझ्याकडून सही घेतली. मी लग्न केलं नाही, नोकरीही घरात बसून करतो, तेव्हा निदान सही तरी वेळेवर करावी, असं काहीतरी पुटपुटले.

हृदयाचा त्रास होता, गोळ्या चालू होत्या. पण ते जातील असं ऑगस्टमधल्या त्या दुपारी कोणाच्या मनात नव्हतं.

जेवून ते पुढच्या खोलीत खाटेवर आडवे झाले. रोज चारला आई त्यांना चहासाठी उठवायची. त्या दिवशी शेजारची मुलगी बाळंतपणानंतर पहिल्यांदा घरी आली होती. आईला बाळ बघायला जायचं होतं. पावणेचारला ती माझ्या खोलीच्या दारात आली. माझ्या कानांवर हेडफोन, समोर पुण्याची मीटिंग.

“मी जाऊन येतंय,” ती म्हणाली. “ह्यांना झोप लागलीय, उठवलं नाय. चारला तू उठव. चहाचं आधण काढून ठेवलंय, पेटव फक्त.”

मी हात वर केला, म्हणजे हो.

मीटिंग लांबली. कोणाच्या तरी कोडवर माझं कोणाशी तरी वाजलं. कशावरून ते आज आठवत नाही. हेडफोन काढले तेव्हा घर शांत होतं, पत्र्यावर पाऊस वाजत होता. मला चहा आठवला. पुढच्या खोलीत गेलो, ‘बाबा, उठा’ म्हणालो, आणि खांद्याला हात लावला. मग हाताला लावला. हात गार होता.

घरात काहीही झालं की आधी घड्याळ बघायचं, ही वडिलांनी लावलेली सवय. मी मान वर केली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

डॉक्टर आले तेव्हा आईही धावत आली होती. मी खाटेवर वडिलांच्या बाजूला बसलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, “किती वाजता?” मी म्हणालो, “चार दहा.” त्यांनी लिहून घेतलं. आईने ते ऐकलं. माझ्याकडे बघितलं आणि मग ती रडायला लागली.

तिने काय समज करून घेतला असेल हे मला त्याच क्षणी कळलं. चारला उठव म्हणून तिने मला सांगितलं होतं. चार दहा ही वेळ मी मिनिटासकट सांगत होतो. म्हणजे मी चारला गेलो, वडिलांना हाक मारली, दोन शब्द झाले असतील, आणि माझ्यासमोर, माझा हात धरून ते गेले. खोलीभर माणसं जमायला लागली तशी ती प्रत्येकाला हेच सांगत होती. “मी नव्हते हो. पण पोरगा होता जवळ. उठवायला गेलेला.” मी काही बोललो नाही. एवढ्या माणसांत काय बोलणार, असं तेव्हा वाटलं. हे कारण सात महिने टिकेल असं वाटलं नव्हतं.

गावच्या विहारात जलदान विधी झाला. मुंबईला असलेले भाऊबंद आले होते. पंचशील झालं, आणि समाजाच्या गावशाखेच्या चिटणीसांनी वडिलांची माहिती वाचून दाखवली. कालकथित अमुक अमुक, जन्म, शिक्षण, नोकरी, आणि शेवटी, ‘दुपारी ठीक चार वाजून दहा मिनिटांनी’. ‘ठीक’ हा शब्द चिटणीसांनी पदरचा घातला होता. पहिल्या ओळीत बसलेल्या आईने मान हलवली.

गावाहून परत आलो त्या संध्याकाळी मी पुढच्या खोलीत बॅग ठेवली आणि सहज वर बघितलं. चार वाजून दहा मिनिटं.

मी बराच वेळ बघत उभा राहिलो. सेकंदकाटा हलत नव्हता. मग मोबाइल काढून त्या दिवशीचे कॉल बघितले. मीटिंग चार अडतीसला संपली होती. म्हणजे चार दहाला मी हेडफोन घालून भांडत होतो.

स्टूल घेतलं, वर चढलो, घड्याळ उतरवलं. आतला सेल ओला झाला होता, हिरवट पांढरं काहीतरी त्याच्या टोकाला आलं होतं. नवा सेल घातला, मोबाइलवर बघून वेळ लावली आणि घड्याळ परत टांगलं.

“काय करतंस रे?” आई आतून म्हणाली.

“काय नाय. घड्याळ सरळ करतोय.”

हे मी केलं. खूण पुसली आणि पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी वही उघडली. वडिलांनी जायच्या दोन दिवस आधी लिहिलं होतं, ‘भिंतीवरचे घड्याळ ४.१० ला बंद. सकाळचे की दुपारचे, माहीत नाही. सेल आणणे.’ पुढे सही. त्याखाली दोन ब्लडप्रेशरच्या नोंदी. आणि त्याखाली वेळेच्या रकान्यात, आईच्या चौथी पास अक्षरात, फक्त ‘४.१०’. तपशिलात काही नाही, सहीच्या जागी काही नाही. तिने हे कधी लिहिलं मला माहीत नाही. वही मिटून जागेवर ठेवली.

तेव्हापासून माझं ते काहीच न वाटणं सुरू झालं. लोक म्हणत, पोराने धीराने घेतलं. धीर वगैरे काही नव्हता. एक गोष्ट सांगायची नाही म्हटलं की तिच्या आजूबाजूच्या गोष्टीही सांगता येत नाहीत, आणि मग हळूहळू सांगण्यासारखं काही उरतच नाही. आई रोज चारला खाटेपाशी जाऊन बसायची. कोणी बाईमाणूस आलं की तिचं ठरलेलं असायचं, “एकटे नाय गेले, ह्ये एक बरं झालं.” बाकी सगळ्याबद्दल ती रडायची, ह्या एका वाक्याला तिचा आवाज सरळ यायचा. तेवढा एकच टेकू होता तिला, आणि तो मी बंद घड्याळात बघून दिलेला होता. काढून घेतला तर काय होईल, ह्याची मला भीती वाटत होती. भीती तेवढी वाटत होती, हे आता लक्षात येतं.

तर, मार्च. तिसऱ्या दिवशी मी त्या चार ओळींवर शेरा लिहिला की हे चालणार नाही. अर्ध्या तासात पुण्याहून फोन. कोड लिहिणारी बाई माझ्याइतकीच जुनी आहे, कामात पक्की, आणि माझ्या शेऱ्यांना ती ‘कोकणातून आलेली हरकत’ म्हणते.

“अरे, बाकी सगळं मान्य,” ती म्हणाली. “तास-मिनिटांची चूक माझीच, शंभर टक्के. पण ही खूण पुसली तर तुझं काय बिघडतंय? डब्यावर काहीतरी वेळ दिसायला नको का? रिकामं दाखवलं की लोक म्हणतात डबा बिघडला, उचलून परत पाठवतात.”

“चुकीची वेळ दाखवली तर?”

“कोणाला कळतंय ती चुकीची आहे? नंतर कोणीतरी लावेलच की बरोबर.”

“आणि लावेपर्यंत झालेल्या नोंदी?”

“तू फार ताणतोस हं. मला सांग, तुझ्या घरातलं घड्याळ बंद पडलं तर तू काय करतोस?”

“सेल बदलतो.”

“वेळ लावतोस आणि मोकळा होतोस ना? मग? माझा ड्रायव्हर वेगळं काय करतोय?”

तिला वाटलं फोन तुटला. ती दोनदा ‘हॅलो’ म्हणाली.

“हे बघ,” मी म्हणालो, “घड्याळ बंद होतं त्या वेळात कोणी त्यात बघून काहीतरी लिहून ठेवलं असेल. ते तसंच राहतं. नंतर वेळ कितीही बरोबर लावली तरी ते बरोबर होत नाही. पुढचे सगळे त्यावर विसंबून बसतात.” माझा आवाज चढला होता. एका सेलवाल्या चिपसाठी एवढा आवाज चढवायची गरज नव्हती.

तिने त्या चार ओळी स्वतःशी पुटपुटत पुन्हा वाचल्या. मग म्हणाली, “बरं. मग काय दाखवू?”

“रेघ,” मी म्हणालो. “आकड्यांच्या जागी आडव्या रेघा दाखव. कोणी वेळ लावेपर्यंत. आणि नोंद कर की वेळ माहीत नव्हती.”

“आडव्या रेघा,” तिने लिहून घेतलं असावं. “करते. संध्याकाळपर्यंत टाकते. तू बरा आहेस ना?”

बरा आहे म्हणालो. वडिलांना जाऊन सात महिने झाले तरी लोक फोन ठेवताना हे विचारतात, आणि त्यांना ठरलेलं उत्तर मिळतं.

संध्याकाळी सहाच्या सुमारास तिने कोड बदलून पाठवला. मी वाचला. अगदी बरोबर होता. खूण उभी असेल तर ड्रायव्हर वेळ देत नव्हता. आता मला फक्त मंजुरीचं बटण दाबायचं होतं आणि मला ते दाबवेना. दुसऱ्याच्या कोडला शहाणपण शिकवून स्वतः त्याच खुर्चीत बसून राहायचं, ह्याची मला शिसारी आली. सात महिन्यांत कशाचीतरी एवढी ठळक शिसारी येणं हेच नवीन होतं. मी उठलो.

आई मागच्या पडवीत मच्छी साफ करत होती. मी पायरीवर बसलो. कसं सांगावं ह्याची जुळवाजुळव करत बसलो असतो तर आणखी सात महिने गेले असते.

“आई, मी बाबांच्या जवळ नव्हतो,” मी म्हणालो.

तिचे हात थांबले.

“कंदी?”

“ते गेले तेव्हा. चारला उठवायला मी गेलोच नाय. कॉलवर होतो. गेलो तेव्हा पावणेपाच होत आले होते आणि हात गार होता. चार दहा मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं, आणि ते घड्याळ बंद होतं. आधीपासून बंद होतं.”

तिने विळी आडवी केली. माझ्याकडे बघितलं नाही, हातातल्या माशाकडे बघत राहिली.

“मग किती वाजता?” तिने विचारलं.

“ठाऊक नाय.”

“मी गेले तवा झोपलेले होते.” मग थोड्या वेळाने, “झोपलेलेच होते ना?”

“असतील. नाय तर तेव्हाच… कळायला मार्ग नाय, आई. कोणालाच ठाऊक नाय.”

“म्हंजे एकटेच गेले.”

“हो.”

इथे ती रडेल, किंवा मला बोलेल, असं मला वाटलं होतं. बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं, मला ते हवंच होतं. ती उठली, हात धुतले, पदराला पुसले आणि आत गेली. मी पायरीवरच बसून राहिलो. आत कपाटाचं दार वाजलं.

“इकडे ये,” तिने हाक मारली.

ती पुढच्या खोलीत खाटेवर बसली होती. चष्मा लावलेला, मांडीवर वही. तिने ते पान काढलं होतं. वर वडिलांची घड्याळाची ओळ, खाली तिचं ‘४.१०’. वरच्या ओळीवर तिचं बोट होतं. ती ओळ तिने आज पहिल्यांदा वाचली की आधीच वाचली होती, हे मी विचारलं नाही.

“पेन घे,” ती म्हणाली. “रेघ मार ह्याच्यावर. एकच मार. खालचा दिसला पायजे.”

मी तिच्या आकड्यावर आडवी रेघ मारली.

“लिही. रीडिंग घेतले नाही.”

मी लिहिलं.

“कारण?”

मी तिच्याकडे बघितलं. ती वहीकडेच बघत होती, वडील बघायचे तशी, रकाना भरेपर्यंत. मी लिहिलं, ‘कॉलवर होतो’. हे दोन शब्द लिहायला मला कोडच्या एकशे ब्याऐंशी ओळींपेक्षा जास्त वेळ लागला असेल.

“आता सही कर.”

“मी?”

“मग कोण? ड्युटी तुझी होती.”

ती रागाने बोलली नाही. वडिलांनी सांगितलं असतं तसंच सांगितलं. मी सही केली, आणि मग मला रडू आलं. खाटेच्या कडेला डोकं टेकून मी पोरासारखा रडलो. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. हाताला मच्छीचा वास होता. कालवणाला तारली होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

थोड्या वेळाने तिने वही पुन्हा माझ्यापुढे सरकवली. दुरुस्तीची वेळ लिहायची राहिली होती. मी डोळे पुसले आणि सवयीने मान वर केली.

“भिंतीवरचं नको,” आई म्हणाली. “मोबाइलमधलं बघून लिही.”